यंत्राची विचारपूस

परगांवीं लग्नाच्या स्वयंपाकासाठीं बोलावलेला जाणता आचारी तेथें पोंचतांच चुलीस जाळ लावीत नाहीं. चुली किती आहेत, पातेलीं केवढीं आहेत, आणि मुख्य म्हणजे त्या गांवचा शेर केवढा, हें तो आधीं विचारून घेतो. एके काळीं शेर हें माप गांवोगांव वेगळें असे आणि तें न विचारणाऱ्याची फजिती ठरलेली असे. संगणकाची एखादी भाषा तिच्या मूळ लिखाणावरून नव्या यंत्रावर उभारतांना नेमकी हीच विचारपूस करावी लागते. पर्ल या भाषेच्या उभारणींत ती फार उघडपणें चालते, म्हणून तिचेंच उदाहरण येथें घेतलें आहे.

पर्ल ही भाषा लॅरी वॉल या अमेरिकन गृहस्थांनीं रचिली व तिची पहिली आवृत्ति १८ डिसेंबर १९८७ रोजीं प्रसिद्ध केली. येथें भाषा म्हणजे मनुष्यानें यंत्रास आज्ञा देण्याची रीत, आणि त्या आज्ञा समजून घेऊन पार पाडणारी एक मोठी आज्ञावली. ही आज्ञावली स्वतः सी नांवाच्या दुसऱ्या भाषेंत लिहिलेली आहे. सी भाषेंतील लिखाण माणसास वाचतां येतें, पण यंत्रास तें तसेंच चालत नाहीं. कंपायलर नामक दुभाष्याकडून तें त्या त्या यंत्राच्या बोलींत उतरवून घ्यावें लागतें. अडचण सुरू होते ती येथेंच. १९६९ मध्यें बेल प्रयोगशाळेंत जन्मलेल्या युनिक्स प्रणालीच्या वंशाला पुढील वीस वर्षांत पुष्कळ शाखा फुटल्या. बर्कले विद्यापीठाची एक, एटी अँड टी कंपनीची दुसरी, आणि यंत्रें विकणाऱ्या बड्या कंपन्यांच्या आपापल्या निराळ्या. कुलनाम एक, पण घरोघरचे रीतिरिवाज वेगळे. एका घरीं जें साधन हाताशीं असावयाचें तें दुसऱ्या घरीं दुसऱ्याच नांवानें, आणि तिसऱ्या घरीं मुळींच नाहीं.

वॉल यांनीं यावर काढलेली तोड म्हणजे ‘कॉन्फिगर’ नांवाची प्रश्नावली. ती पर्लच्याही आधींची. १९८४ मध्यें ‘आरएन’ या आपल्या बातम्या वाचण्याच्या आज्ञावलीबरोबर त्यांनीं तशी प्रश्नावली दिली होती. ती चालू करतांच प्रथम आणलेलें सामान पुरतें आहे कीं नाहीं हें यादीशीं ताडून पाहिलें जातें. मग एकेक प्रश्न पडद्यावर येऊं लागतो. कंपायलर कोणता वापरावयाचा? भाषा कोठें ठेवावयाची? प्रत्येक प्रश्नापुढें चौकटी कंसांत एक सुचविलेलें उत्तर असतें. तें मान्य असल्यास नुसती कळ दाबावी. यूनिस नांवाचें एक जुनें प्रतियुनिक्स आपल्या यंत्रावर नसल्याबद्दल ती मध्येंच अभिनंदनही करते. असल्या रुक्ष कामांत विनोदास जागा ठेवणारा मनुष्य विरळा.

परंतु पुष्कळशा गोष्टी ती माणसास न विचारतां थेट यंत्रासच विचारते, आणि तिची खरी करामत येथें आहे. अमुक एक साधन यंत्रावर आहे काय, याचें उत्तर ती कोणत्याही पुस्तकांत शोधीत नाहीं. ती दोनचार ओळींची सी भाषेंतील आज्ञावली लिहिते, कंपायलरकडून उतरवून घेते, चालवून पाहते आणि काय घडलें त्यावरून निर्णय देते. आचाऱ्यानें शितावरून भात पाहावा तसेंच हें. ‘लाँग’ नांवाचा पूर्णांक जुन्या ३२ बिटी युनिक्सवर ४ बाइट जागा घेई, ६४ बिटी युनिक्सवर तोच ८ बाइट घेतो. हा त्या गांवचा शेर. बाइटांचा क्रमही असाच तपासावा लागतो. मराठींत ‘पंचवीस’ म्हणतांना आधीं पांच येतात व मग वीस. इंग्रजींत ‘ट्वेंटी फाइव्ह’ म्हणतांना वीस पुढें. कांहीं यंत्रें संख्येचा लहान भाग आधीं ठेवतात, कांहीं मोठा. येथें चूक झाली तर एकानें लिहिलेला हिशेब दुसऱ्यास भलताच दिसावा.

ज्या प्रणालींच्या खोडी पूर्वींच ठाऊक झालेल्या आहेत त्यांच्यासाठीं ‘हिंट्स’ नांवाच्या कप्प्यांत सूचना लिहून ठेवलेल्या असतात. सोलारिस, फ्रीबीएसडी, लिनक्स, प्रत्येकाची चिठ्ठी वेगळी. कोणाचे तरी कित्येक तास फुकट गेल्यावांचून अशी चिठ्ठी तयार होत नाहीं.

दोन प्रश्नांपाशीं मात्र माणसानें घाई करूं नये. पहिला जागेचा. लिनक्सच्या कित्येक वितरणांत प्रणालीचीं स्वतःचीं साधनें पर्लमध्यें लिहिलेलीं असतात व तीं सोबत आलेल्या पर्लवर विसंबून असतात. हौसेनें नवी पर्ल त्याच जागीं बसविली तर घरचें जातें काढून पाहुण्याचें बसविल्यासारखें होतें. दळण अडतें आणि कारण लवकर उमगत नाहीं. म्हणूनच कॉन्फिगर ‘यूएसआर’च्या पोटांतील ‘लोकल’ ही निराळी जागा आपण होऊन सुचविते. दुसरा प्रश्न थ्रेडांचा, म्हणजे एकाच आज्ञावलीनें अनेक धागे एकदम चालवावेत काय याचा. ‘होय’ म्हटल्यास भाषा कांहींशी मंदावते. शिवाय एका उत्तरानें उभारलेल्या पर्लसाठीं उतरविलेलीं सी भाषेंतील जोडसाधनें दुसऱ्या उत्तराच्या पर्लला चालत नाहींत, तीं पुन्हां उतरवावीं लागतात.

सर्व उत्तरें ‘कॉन्फिग.एसएच’ या टिपणांत उतरतात. हें टिपण पुढल्या खेपेस उपयोगी पडतें आणि घातही करतें. जुना संच उचलून दुसऱ्या यंत्रावर नेला व टिपण तसेंच राहिलें, तर पहिल्या यंत्राचीं मापें दुसऱ्यास लागूं होतात. अशा वेळीं ‘मेक डिस्टक्लीन’ ही आज्ञा देऊन पाटी कोरी करावी.

पुढचें काम ‘मेक’ या आज्ञेचें. ती आधीं ‘मिनिपर्ल’ नांवाची लहानशी पर्ल तयार करते आणि उरलेल्या पर्लच्या उभारणींत हिलाच कामास लावते. ‘मेक टेस्ट’ नें हजारों चांचण्या होतात. त्या टाळणारे पुष्कळ, आणि त्यांतले कांहीं मागाहून पस्तावणारे. सरतेशेवटीं ‘मेक इन्स्टॉल’.

पायथन भाषेची तऱ्हा याहून निराळी. तिची उभारणी ऑटोकॉन्फ या, १९९१ मध्यें डेव्हिड मॅकेंझी यांनीं सुरू केलेल्या साधनावर चालते. तेंही यंत्राची अशीच परीक्षा घेतें, पण माणसास एकही प्रश्न करीत नाहीं. इच्छा असेल ती आधींच सांगून ठेवावी. घाईच्या माणसास तें सोयीचें. पर्लच्या प्रश्नावलीसही तीन अक्षरें देऊन गप्प बसवितां येतें, पण निदान एकदां तरी तिला पूर्ण बोलूं द्यावें. शिवाय तिला दिलेलीं उत्तरें वायां जात नाहींत. तीं तयार झालेल्या पर्लच्या पदरीं बांधलेलीं असतात. वर्षांनंतरही ‘पर्ल’ लिहून पुढें एक आडवी रेघ व इंग्रजी मोठा ‘व्ही’ टंकला, तर कोणत्या कंपायलरनें, कोणत्या पर्यायांनीं व कोणत्या दिवशीं आपली उभारणी झाली, हें ती सांगूं लागते.