इंजिन तापतंय? आधी विचारा, ‘कधी तापतंय?’

गेल्या भागात आपण बॅटरी पाहिली. आजचा विषय तापणारं इंजिन. उन्हाळा आला की इंदूर असो, बडोदा असो, हैदराबाद असो की बेळगाव, आपली मंडळी सामान भरून गावाकडे निघतात. गाडीत म्हातारी माणसं, लहान मुलं, एसी चालू आणि समोर घाट. नेमका अशाच वेळी काटा लाल रेषेकडे सरकतो. पुढच्या दहा मिनिटांत तुम्ही काय करता, त्यावर ठरतं की काम एखाद्या पाइपावर भागणार की इंजिनाचं हेड उतरवावं लागणार.

मी लष्करात ईएमईमध्ये होतो. गाड्या आणि यंत्रं चालती ठेवणं हेच आमच्या दलाचं काम. तिथे गाडी तापली म्हणून आली की ड्रायव्हरला पहिला प्रश्न असायचा, ‘कधी तापते?’ उभी असताना, पळताना, चढावर, की सुरू केल्याबरोबर? ‘काय बदलायचं?’ हा प्रश्न त्यानंतरचा. आजचा सगळा धडा एवढाच आहे. बाकीचं त्याचं स्पष्टीकरण.

उष्णता जाते कुठे?

इंजिनात जळणाऱ्या इंधनातली ढोबळ मानाने एक तृतीयांश ऊर्जाच गाडी ओढते. साधारण तेवढीच सायलेन्सरमधून बाहेर जाते आणि उरलेली कूलंटला वाहून न्यावी लागते. वॉटर पंप कूलंट फिरवतो. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट रेडिएटरची वाट बंद ठेवतो आणि साधारण ८२ ते ९० अंशांच्या दरम्यान ती उघडतो. रेडिएटरमधून वारा जातो आणि उष्णता घेऊन जातो. गाडी पळत असेल तर वारा आपोआप मिळतो, उभी असेल तर पंख्याने द्यावा लागतो.

म्हणजे गोष्टी तीन: पुरेसं कूलंट, त्याचं फिरणं आणि वारा. बिघाड या तिघांपैकी कुठे आहे, हे ‘कधी’ या प्रश्नातून कळतं.

काटा चढला तर

आधी रस्त्यावरचं बोलू. काटा नेहमीच्या जागेवरून वर निघाला, पण लाल दिवा नाही, वाफ नाही, अशा वेळी एसी लगेच बंद करा. काचा खाली घ्या, हीटर पूर्ण गरमवर आणि त्याचा ब्लोअर पूर्ण वेगात ठेवा. उन्हाळ्यात हा सल्ला वेडेपणाचा वाटेल, पण हीटर हा एक छोटा रेडिएटरच आहे, तो इंजिनाची उष्णता बाहेर ओढतो. सुरक्षित जागा बघून गाडी डावीकडे घ्या.

लाल दिवा लागला, वाफ दिसली किंवा काटा अगदी टोकाला गेला, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करा. ‘पुढच्या गावापर्यंत नेऊ’ हा विचार सगळ्यात महाग पडतो. आजच्या बहुतेक इंजिनांचं हेड ॲल्युमिनियमचं असतं. ते फार तापलं की वाकतं, गॅस्केट फुटतं, आणि मग फेसिंगपासून सगळं करावं लागतं.

आणखी एक. चढलेला काटा अचानक खाली आला, तर खूश होऊ नका. कूलंट सगळं वाहून गेलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटं सांगू शकतो. अशा वेळीही थांबा.

आता सक्त ताकीद. गरम इंजिनाचं झाकण उघडू नका, मग ते रेडिएटरवर असो की कूलंटच्या टाकीवर. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असू शकतं. झाकण सुटताच ते कारंज्यासारखं तोंडावर येतं. किमान पाऊण तास थांबा. मग जाड फडकं ठेवून, तोंड बाजूला करून, झाकण थोडंसं फिरवा, दाब जाऊ द्या आणि नंतरच काढा. तापलेल्या इंजिनावर बाहेरून गार पाणीही ओतू नका, धातूला तडा जाऊ शकतो. बॉनेट उघडल्यावर हात पंख्यापासून लांब ठेवा. इंजिन बंद असलं तरी इलेक्ट्रिक पंखा एकाएकी फिरू लागतो.

निवल्यावर कूलंट कमी दिसलं आणि जवळ कूलंट नसेल, तर पिण्याचं पाणी घाला. अडचणीत ते चालतं. घरी पोचल्यावर मात्र ते काढून योग्य मिश्रण भरा. बोअरच्या जड पाण्याने रेडिएटरच्या नळ्यांत क्षार बसतात.

आता ‘कधी’

पहिला प्रकार: ट्रॅफिकमध्ये तापते, हायवेवर ठीक असते. याचा अर्थ धावताना मिळणारा वारा पुरतो, उभं असताना मिळत नाही. संशय पंख्यावर. इंजिन चालू ठेवून एसी लावा. बहुतेक गाड्यांत पंखा लगेच फिरायला हवा. नाही फिरला तर क्रमाने फ्यूज, रिले, वायरचं जोड आणि शेवटी मोटर बघा.

मी महूला राहतो. आमच्या शेजाऱ्यांची गाडी इंदुरात राजवाड्याच्या गर्दीत तापायची. धामनोदकडून येताना गणेश घाटाच्या चढावर मात्र काटा जागचा हलत नसे. एका गॅरेजने त्यांना नवा रेडिएटर आणि हेड गॅस्केट असा मोठा खर्च सांगितला होता. पण रेडिएटर तुंबला असता, तर गाडी आधी घाटात तापली असती. एसी लावला, पंखा गप्प. फ्यूज शाबूत होता. त्याच पेटीत त्याच नंबरचा हॉर्नचा रिले होता, तो पंख्याच्या जागी लावला आणि पंखा फिरला. नवा रिले बसवला, काम संपलं.

दुसरा प्रकार: गर्दीत ठीक, पण वेगात किंवा चढावर तापते. इथे वारा आहे, पण कूलंट पुरेसं फिरत नाही किंवा रेडिएटर उष्णता सोडत नाही. आधी बाहेरून बघा. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत धूळ, किडे, कापूस, पाला अडकतो. साध्या नळाच्या पाण्याने, शक्य असेल तर इंजिनाच्या बाजूकडून बाहेर, धुवा. प्रेशर पंपाने नाजूक पत्र्या वाकतात. त्यानंतर रेडिएटरच्या आतला क्षार, पंपाचा ढिला पट्टा, पंपाची झिजलेली पाती आणि अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट.

तिसरा प्रकार: सुरू केल्यावर काही मिनिटांतच तापते. कूलंट पुरेसं असेल, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलेला असण्याची शक्यता मोठी. काटा वर जातो, पण रेडिएटर आणि त्याचा खालचा पाइप गारच राहतो. नुकतंच कूलंट बदललं असेल, तर आत हवा अडकलेली असू शकते. ती कंपनीने सांगितलेल्या पद्धतीने काढावी लागते. थर्मोस्टॅटची परीक्षा स्वयंपाकघरातही होते. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने तळाला न टेकता सोडा, थर्मामीटर लावा आणि गॅस पेटवा. त्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास तो उघडू लागला पाहिजे.

चौथा प्रकार: कूलंट वारंवार कमी होतं. ते हवेत उडत नाही, कुठेतरी जातंच. पाइपांच्या क्लॅम्पवर, पंपाखाली, रेडिएटरच्या कडेला पांढरट किंवा रंगीत डाग शोधा. डॅशबोर्डाखालचा गालिचा ओला आणि गाडीत गोडसर वास असेल, तर हीटरची गळती. बाहेर काहीच सापडलं नाही, तर हेड गॅस्केटचा विचार करा. गरम इंजिनातूनही येत राहणारा गोडसर पांढरा धूर, डिपस्टिकवर दुधाळ तेल, थंड इंजिन सुरू करताच मिनिटा-दोन मिनिटांत दगडासारखा कडक होणारा वरचा पाइप, ही त्याची लक्षणं. अशी गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या.

उंची आणि झाकण

लडाखला गाडी नेणारे पुष्कळ आहेत, म्हणून हे सांगतो. उंची ३०० मीटरने वाढली की पाणी साधारण एक अंश आधी उकळतं. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे, तिथे उघड्या भांड्यात पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळतं. इंजिन मात्र ९० अंशांवर चालायचंय. ही गाठ झाकण आणि कूलंट सोडवतात. झाकण आत साधारण एक बार जादा दाब धरतं, त्याने समुद्रसपाटीला पाण्याचा उत्कलनबिंदू १२० अंशांच्या आसपास जातो. निम्मं ग्लायकोल असेल तर तो आणखी वाढतो आणि रात्रीच्या थंडीत पाणी गोठून ब्लॉक फुटत नाही. झाकणाचं रबर गेलं असेल, तर बाकी सगळं ठीक असूनही गाडी उकळते. वस्तू स्वस्त, पण बदलताना त्यावर लिहिलेला दाब तोच असला पाहिजे.

एक वाईट सल्ला

रस्त्याकडेचे काही मिस्त्री म्हणतात, ‘थर्मोस्टॅट काढून टाका साहेब, कटकट नको.’ करू नका. इंजिन थंड चालतं, इंधन जास्त जातं, झीज वाढते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की कूलंट रेडिएटर टाळून फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते. खराब असेल तर बदला, काढून फेकू नका.

लष्करात सकाळी गाडी हलण्याआधी ‘फर्स्ट परेड’ होते. ड्रायव्हर पाणी, तेल, पट्टा, हवा तपासतो, गाडीखाली ओल आहे का पाहतो. जीप असो वा ट्रक, सूट नाही. तुमच्याही घरी प्रवासाच्या सकाळी, गाडी थंड असताना, ही पाच मिनिटांची परेड होऊ द्या. गाडी तरीही तापलीच, तर मिस्त्रीला ‘गाडी तापते’ एवढंच सांगू नका. कधी तापते, किती वेळात तापते, तेव्हा पंखा चालू होता का, कूलंट किती कमी झालं, हे कागदावर लिहून न्या. चांगल्या मिस्त्रीचा अर्धा वेळ वाचेल, आणि दुसऱ्या तऱ्हेच्या मिस्त्रीला कळेल की समोरचा माणूस बघून आलेला आहे.

पुढच्या भागात ब्रेक. तोवर सांभाळून चालवा. जय हिंद.