तुमचा ‘ल’ कोणता?

मंडळी, अक्षरांच्या वळणावरून माणसं खरोखर भांडतात. इंग्रजीत ‘कॉमिक सॅन्स’चं नाव काढलं की नाक मुरडणारे लोक आपल्याला ठाऊक आहेत. आपल्याकडचं भांडण आहे ‘ल’चं, आणि आमच्या मते ते जास्त गंभीर आहे.

मराठी मूल पाटीवर गिरवतं तो ‘ल’ दोन पाकळ्यांचा. मधला देठ शिरोरेषेला टांगलेला, उजवीकडे दंड नाही. हिंदी वळणाच्या ‘ल’ला उजवीकडे सरळ उभा दंड असतो. ‘श’चेही असेच दोन पंथ आहेत. दोन्ही देवनागरीच, दोन्ही वाचता येतात. तरी लग्नपत्रिकेवर दंडाचा ‘ल’ छापून आला की घरातलं कुणीतरी वडीलधारं विचारतंच, “हे हिंदीत कशाला छापलंय?”

ही नुसती आवडनिवड आहे का? बरीचशी सवय आहे, हे आधी मान्य करू. जावजी दादाजींनी 1869 मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. त्याच्या टायपातली मराठी-संस्कृत पुस्तकं वाचत पिढ्या वाढल्या आणि ते वळण त्यांना ‘शुद्ध’ वाटू लागलं. डोळ्याला जे ओळखीचं, ते सुंदर.

याची उलटी बाजू म्हणजे ‘मंगल’. र. कृ. जोशींनी मायक्रोसॉफ्टसाठी केलेला हा फॉन्ट इतका पसरला की कचेऱ्यांमध्ये युनिकोडलाच ‘मंगल’ म्हणू लागले. त्याला नावं ठेवणारे पुष्कळ. पण बघा, तो होता संगणकाच्या मेन्यूंसाठी, पडद्यावरच्या बारीक अक्षरांसाठी. तोच ताणून आपण दहा फुटी फ्लेक्सवर लावला आणि वर म्हणालो, फॉन्ट वाईट! यात जोशीसरांचा काय दोष?

आता ‘ल’कडे परत येऊ, कारण खरी अडचण इथे आहे. युनिकोडमध्ये ‘ल’चा क्रमांक एकच, 0932. त्याला पाकळ्या द्यायच्या की दंड, हे फॉन्ट ठरवतो. म्हणजे हे व्याख्यान तुम्ही लिखित रूपात वाचत असाल, तर तुमच्यासमोर कोणता ‘ल’ आहे हे आम्हाला इथून सांगताच येणार नाही. काही फॉन्टांमध्ये, उदाहरणार्थ ‘नोटो सान्स देवनागरी’त, दोन्ही वळणं असतात. मजकूर मराठी आहे असं सॉफ्टवेअरला सांगितलं आणि सॉफ्टवेअरने ते ऐकलं, तर मराठी वळण उमटतं. सांगतो कोण? बहुतेक वेळा कुणीच नाही. मग जे आपोआप येतं तेच राहतं. म्हणून आम्ही याला आवडनिवड म्हणायला तयार नाही. निवड करायची होती हेच मुळात आपल्याला कळलेलं नसतं.

राज्य शासनाने 2009 साली आणि पुन्हा 2022 साली वर्णमालेबाबत निर्णय काढले, त्यात या अक्षरांच्या वळणाचाही विचार झाला. पण कागदावरचा निर्णय फोनमध्ये आपोआप उतरत नाही. पहिलीतलं मूल पुस्तकात एक ‘ल’ बघतं आणि बाईंनी संगणकावर काढलेल्या सरावपत्रिकेवर दुसरा. मोठ्यांना फरक पडत नाही. पण जे अजून अक्षर ओळखायलाच शिकतंय, त्याला पडतो.

एका बाबतीत मात्र आम्ही अजिबात तडजोड करणार नाही. ‘आचाऱ्यांना’ बोलावलं तर स्वयंपाक होईल, ‘आचार्यांना’ बोलावलं तर प्रवचन. तो आडवा रफार अर्थ बदलतो. ‘ऱ’ला युनिकोडमध्ये स्वतःचा क्रमांकही आहे, 0931. तेव्हा तो नीट न दाखवणारा फॉन्ट कितीही देखणा असो, मराठीसाठी बाद. शिरोरेषा गाळलेली अक्षरं, जाड-बारीक फटकारे, गोल की टोकदार, यावर खुशाल भांडा. तिथे ज्याची त्याची आवड.

घरी गेल्यावर एवढं करून बघा. संगणकावर मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडा आणि तीन शब्द लिहा: शाल, गल्ली, दऱ्या. फॉन्ट बदलत दोन-तीनदा छापा. मग तो कागद घरातल्या सगळ्यात लहान वाचकाच्या पुस्तकाशेजारी ठेवा आणि त्यालाच विचारा, यातला तुझा ‘ल’ कोणता?