झेडची रेघ कुणी ओढली?

खोपोलीच्या शिळफाट्यावरून जुना मुंबई-पुणे महामार्ग बोरघाटाच्या चढणीकडे निघतो. द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी असल्यानं पावसाळ्यातल्या रविवारी सकाळी इथे मोटारसायकलींची रांग लागते आणि त्यांच्यात अधूनमधून मुंबईची एखादी बुटकी, दोन सीटांची, लांब नाकाची गाडी घरंगळत येते. गाडीवेड्या पोरांच्या गप्पांना मग ऊत येतो. निसानच्या झेडचा विषय निघाला की काही वाक्यं हमखास ऐकू येतात: ही मुळात एका जर्मनानं काढली, जपान्यांनी जॅग्वारची कॉपी मारली, खरी गाडी यामाहाची, निसाननं फक्त बिल्ला लावला. ही वाक्यं फक्त इथली नाहीत. गेली पन्नास वर्षं ती अमेरिकेत, युरोपात, खुद्द जपानी गाड्यांच्या चाहत्यांमध्येही फिरत आहेत, आणि प्रत्येकात खऱ्याचा एवढासा कण असल्यामुळेच ती टिकली आहेत.

आधी गाडीची ओळख. भारतात निसाननं २०१०च्या सुमारास ३७०झेड विकायला आणली. त्या घराण्याची मूळ गाडी मात्र ऑक्टोबर १९६९ मध्ये जगासमोर आली. जपानात तिचं नाव फेअरलेडी झेड, परदेशात डॅटसन २४०झेड. आपल्याकडे डॅटसन म्हटलं की २०१४ साली आलेली छोटी, स्वस्त 'गो' आठवते आणि २०२२ मध्ये गुंडाळलेला ब्रँड आठवतो. त्याच नावाच्या या जुन्या गाडीत २,३९३ सीसीचं, एका ओळीत सहा सिलिंडर असलेलं इंजिन होतं. कंपनीच्या तेव्हाच्या मोजणीनुसार ताकद १५१ अश्वशक्ती, आणि अमेरिकेतली किंमत ३,५२६ डॉलर. त्या पैशात इतकी वेगवान आणि इतकी देखणी गाडी तेव्हा दुसरीकडे मिळत नव्हती. १९७८ पर्यंत या पहिल्या पिढीच्या पाच लाखांहून अधिक गाड्या खपल्या.

आता तो जर्मन. आल्ब्रेख्त गोर्ट्झ हा खराखुरा उमराव घराण्यातला माणूस, जन्म १९१४चा. तरुणपणी अमेरिकेला गेला, रेमंड लोवीच्या हाताखाली शिकला आणि पन्नासच्या दशकात त्यानं बीएमडब्ल्यूची ५०७ ही गाडी रेखाटली. जेमतेम अडीचशे ५०७ बनल्या, पण आजही ती जगातल्या सर्वांत सुंदर गाड्यांत गणली जाते. एवढं नाव असलेला माणूस साठच्या दशकाच्या पूर्वार्धात निसानचा सल्लागार होता, ही गोष्ट खरी आहे. गाडीचं पूर्ण आकाराचं मॉडेल मातीत घडवण्याची पद्धत निसानमध्ये रुजवण्यात त्याचा हात होता, हेही खरं.

ही पद्धत जरा जवळून पाहण्यासारखी आहे. लाकूड आणि फोमच्या सांगाड्यावर खास औद्योगिक माती गरम करून थापतात. थंड झाल्यावर ती घट्ट होते आणि मग कारागीर पात्यांनी तिचे पापुद्रे काढत काढत दरवाजाची कड, छताचा उतार, मडगार्डचा फुगीरपणा आणतात. कागदावर जी रेघ झोकदार वाटते ती पूर्ण आकारात ढोबळ दिसते. उजेड तिच्यावर कसा घसरतो, हे मातीशिवाय कळत नाही. हे शिकवणाऱ्याचं ऋण मोठं आहे. पण शिकवणं वेगळं आणि ती गाडी काढणं वेगळं.

त्या काळात निसान आणि यामाहा मिळून एका स्पोर्ट्स गाडीवर काम करत होते. गोर्ट्झचा संबंध होता तो त्या प्रकल्पाशी. १९६४च्या सुमारास तो बंद पडला आणि गाडी बाजारात कधी आलीच नाही. त्याच वेळची निसानची पहिली सिल्व्हिया गोर्ट्झच्या खात्यावर अजूनही मांडली जाते, तरी ती रेखाटली काझुओ किमुरा यांनी. गोर्ट्झ सल्ल्यापुरता होता. झेडचं काम उभं राहिलं त्यानंतर, योशिहिको मात्सुओ यांच्या हाताखाली. १९६५ मध्ये निसानच्या स्पोर्ट्स कार स्टुडिओची सूत्रं हाती आली तेव्हा मात्सुओ जेमतेम तिशी ओलांडलेले होते. अकिओ योशिदा आणि आणखी मोजके सहकारी त्यांच्यासोबत होते. पुढच्या दोन-तीन वर्षांत या छोट्या चमूनं वेगवेगळे प्रस्ताव काढले, मातीत घडवले, बाद केले, पुन्हा काढले. आज आपण बघतो ती रेघ या खोलीतून आली.

मग श्रेय गोर्ट्झकडे गेलं कसं? जपानी कंपन्यांत तेव्हा डिझायनरचं नाव बाहेर सांगायची रीतच नव्हती. गाडी कंपनीची, माणूस अदृश्य. नाव नसलं की लोक ओळखीचं नाव चिकटवतात, आणि गोर्ट्झचं नाव तर जगाला ठाऊक होतं. सत्तरच्या दशकात वाद वकिलांपर्यंत पोहोचला. शेवटी १९८० मध्ये निसाननं पत्र दिलं: गोर्ट्झ हे २४०झेडचे डिझायनर नव्हते, मात्र ज्यांनी ती रेखाटली त्यांच्यावर गोर्ट्झ यांच्या निसानमधल्या कामाचा प्रभाव होता. पत्राची सुरुवात विसरली गेली, शेवट तेवढा लोकांच्या लक्षात राहिला. बोरघाटातून जाणाऱ्याला हा प्रकार नवा वाटू नये. घाटाचं श्रेय पुस्तकात इंग्रज अधिकाऱ्यांच्या नावावर, आणि वाट दाखवणाऱ्या शिंग्रोबा धनगराची आठवण रस्त्याकडेच्या देवळात, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी टाकलेल्या नाण्यांत. मात्सुओंच्या वाट्याला देऊळही आलं नाही. २०२० मध्ये त्यांचं निधन झालं तेव्हा अनेक चाहत्यांनी त्यांचं नाव पहिल्यांदा ऐकलं असेल.

यामाहाची गोष्टही इथेच सुटते. निसानशी फिसकटल्यावर यामाहानं टोयोटाशी हातमिळवणी केली आणि त्यातून २०००जीटी जन्मली. १९६५च्या टोकियो मोटर शोमध्ये ती दिसली, १९६७ मध्ये बाँडपटात झळकली. तीही गोर्ट्झच्या नावावर खपवली जाते, पण तिचे डिझायनर टोयोटाचे सातोरू नोझाकी. ती यामाहाच्या कारखान्यात जवळपास हातानं बांधली जाई. सगळ्या मिळून ३५१ बनल्या. झेड नेमकी याच्या उलट टोकाची गाडी: साच्यातून निघणारा पोलादी सांगाडा, कंपनीच्या इतर गाड्यांशी नातं सांगणारं इंजिन, रोज शेकड्यांनी बाहेर पडू शकेल अशी रचना. तिच्यात यामाहाचं काही नाही.

जॅग्वारची कॉपी हा आरोप सर्वांत लाडका. १९६१ची ई-टाइप आणि १९६९ची झेड शेजारी ठेवल्या तर सारखेपणा डोळ्यांत भरतो: लांब बॉनेट, मागे सरकलेली केबिन, शेपटीकडे उतरत जाणारं छत. मात्सुओंनी युरोपातल्या गाड्या पाहिल्या नव्हत्या असं कुणी म्हणणार नाही. त्या काळातल्या प्रत्येक डिझायनरनं त्या पाहिल्या होत्या. पण या आकाराचं निम्मं कारण बॉनेटखाली आहे. सहा सिलिंडर एका ओळीत बसवले की इंजिन लांब होतं. ते पुढे ठेवायचं, वजन मध्याकडे यावं म्हणून शक्य तितकं मागे सरकवायचं, मागची चाकं फिरवायची आणि माणसं दोनच बसवायची, असं ठरलं की नाक लांबच होणार आणि बसणारा जवळपास मागच्या चाकांवर जाणार. ई-टाइपचं इंजिन असंच, टोयोटा २०००जीटीचं असंच, झेडचंही असंच.

उरलेलं निम्मं कारण अमेरिकेत आहे. निसानचे युताका कातायामा १९६० साली अमेरिकेत गेले आणि तिथलं ग्राहक नावाचं प्रकरण त्यांनी जवळून पाहिलं. मात्सुओंच्या सुरुवातीच्या रेखाटनांत उघड्या छपराची गाडी होती. अमेरिकेत सुरक्षेचे नियम कडक होत होते, उघड्या गाड्यांवर गदा येईल अशी धास्ती होती आणि कातायामांना लांब पल्ल्याला चालणारी बंद गाडी हवी होती. म्हणून पक्कं छत आलं आणि मागे वर उघडणारा मोठा दरवाजा आला. फेअरलेडी हे नाव निसानचे अध्यक्ष कात्सुजी कावामाता यांनी ब्रॉडवेवर 'माय फेअर लेडी' पाहिल्यानंतर ठेवलेलं. कातायामांना ते अमेरिकेत चालणार नाही असं वाटलं आणि त्यांनी ते बिल्ले काढून तिथे २४०झेडचे लावले.

पुढचे दिवेही नियमातूनच घडले. नाकाचा उतार अखंड ठेवायचा तर दिव्यावर काचेचं झाकण हवं. अमेरिकेत १९६८ पासून अशा झाकणांना बंदी होती. मग दिवा आत ढकलला गेला आणि मडगार्डमध्ये साखर काढायच्या डावासारखी खोल वाटी तयार झाली. आज झेड ओळखू येते ती त्या वाटीवरूनच, आणि १९६१च्या ई-टाइपला ती नाही.

कॉपीचा आरोप झेडच्या आधीच्या गाडीवरही होतो आणि तिथे तर तारखाच उलट साक्ष देतात. डॅटसन फेअरलेडी १५०० ही उघडी दोन सीटांची गाडी ब्रिटिश एमजीबीवरून उचलली, असं सर्रास लिहिलं जातं. फेअरलेडी ऑक्टोबर १९६१च्या टोकियो मोटर शोमध्ये दिसली. एमजीबी आली सप्टेंबर १९६२ मध्ये.

झेड फक्त दिसायला चांगली, असंही काही जण म्हणतात. २४०झेडनं १९७१ आणि १९७३ अशी दोनदा पूर्व आफ्रिकेची सफारी रॅली जिंकली, जिथे धूळ, चिखल आणि खडकांनी भल्याभल्या गाड्यांची हाडं मोडत. १९७३चा विजेता शेखर मेहता, कंपालात जन्मलेला भारतीय कुटुंबातला मुलगा. ही रॅली त्यानं एकूण पाच वेळा जिंकली.

एवढं सगळं वाचून झेड शंभर टक्के जपानी मातीतली, असा निष्कर्ष काढला तर तो आणखी एक गैरसमज ठरेल. माझ्दाची एमएक्स-५ घ्या. १९८४ मध्ये तिच्यासाठी जपानी आणि कॅलिफोर्नियातल्या चमूंमध्ये स्पर्धा झाली आणि कॅलिफोर्नियाचा आराखडा निवडला गेला. मूळ कल्पनाही बॉब हॉल या अमेरिकी पत्रकाराची. झेडचंही पुढे तसंच झालं. २००२ मध्ये आलेली ३५०झेड, जी 'टोकियो ड्रिफ्ट' या सिनेमामुळे आपल्याकडच्या पोरांच्या तोंडी बसली, निसानच्या कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओतून आली. तिथे डायान अॅलन यांच्या देखरेखीखाली काम झालं आणि बाह्यरूप अजय पांचाल यांच्या रेखाटनातून उतरलं. सिनेमात टोकियोच्या रस्त्यांवर धावणारी जपानी गाडी, आणि तिची रेघ कॅलिफोर्नियातल्या भारतीय नावाच्या डिझायनरची.

२०२१ मध्ये नवी झेड दाखवली गेली तेव्हा तिच्या प्रत्येक दिव्यात दोन अर्धवर्तुळाकार प्रकाशरेषा होत्या. त्या आल्या सत्तरच्या दशकात जपानात विकल्या गेलेल्या झेडजी या प्रकारातून. तिथे अमेरिकी नियम आड येत नव्हता, म्हणून त्या गाडीच्या दिव्यांवर पारदर्शक घुमटी झाकणं होती आणि उजेडात त्यांच्यावर अशाच गोल रेषा चमकत.