पेंटॅक्स के-१००० : जेवढे गरजेचे तेवढेच

जपानमधील असाही ऑप्टिकल या कंपनीने १९७६ साली ‘पेंटॅक्स के-१०००’ हा कॅमेरा बाजारात आणला. त्याचे उत्पादन १९९७ पर्यंत चालू होते. या एकवीस वर्षांत कॅमेऱ्यांचे जग पार बदलले. आपोआप फोकस साधणारे, मोटारीने फिल्म पुढे सरकवणारे कॅमेरे आले. कारखाना जपानमधून हाँगकाँगला आणि पुढे चीनमध्ये गेला, काही धातूच्या भागांची जागा प्लास्टिकने घेतली. परंतु के-१००० ची मूळ रचना तीच राहिली. तीस लाखांहून अधिक कॅमेरे विकले गेले. छायाचित्रण शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या हाच कॅमेरा दिला गेला.

व्यापारी दृष्टीने पाहता या यशाचे रहस्य मनोरंजक आहे. याच कंपनीच्या ‘केएम’ या कॅमेऱ्यात स्वतःचा फोटो घेण्यासाठी सेल्फ-टायमर होता, चित्राचा किती भाग स्पष्ट येईल हे आधी पाहण्याची सोय होती. के-१००० मध्ये या दोन्ही गोष्टी वगळल्या आणि किंमत खाली आणली. ग्राहकाला खरोखर लागते ते मात्र एकही कमी केले नाही. परिग्रह-परिमाणाची शिकवण लहानपणापासून ऐकणाऱ्या वाचकांना हा हिशेब ओळखीचा वाटेल.

एसएलआर कॅमेऱ्याचे मर्म त्याच्या आरशात आहे. लेन्समधून आलेला प्रकाश आत ४५ अंशांत बसवलेल्या आरशावर पडतो, तेथून वर काचेच्या पडद्यावर जातो आणि पंचकोनी लोलकातून डोळ्यापर्यंत पोहोचतो. बटण दाबताच आरसा वर उचलला जातो, मागचा कापडी पडदा सरकतो आणि तोच प्रकाश फिल्मवर पडतो. म्हणून डोळ्याला दिसते तेच चित्र फिल्मवर उमटते.

प्रकाशाचे माप दोन ठिकाणी ठरते. वरच्या चकतीवर शटरचा वेग असतो : एक सेकंदापासून एका सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. लेन्सवरील कड्याने अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचे छिद्र, लहानमोठे करता येते. दोहोंचे आकडे असे योजलेले आहेत, की एक पायरी बदलली की प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होतो. एकीकडे वाढवले तर दुसरीकडे तितकेच घटवायचे. जमा-खर्चाचा मेळ बसला, की चित्र बरोबर येते. हा मेळ दाखवण्यासाठी आत उजव्या बाजूला एक काटा असतो. तो मध्यावर आला म्हणजे प्रकाश योग्य.

या काट्यापुरताच एक बटण सेल लागतो. सेल संपला तरी शटर चालते, कारण ते पूर्णपणे यांत्रिक आहे. कॅमेऱ्याला चालू-बंद करण्याची कळ नाही. लेन्सवर टोपण लावले, की सेलचा खर्च थांबतो. टोपण लावायला विसरणाऱ्याला सेल वारंवार बदलावा लागतो.

असा कॅमेरा अनेक घरांत अद्याप कपाटात पडून असतो. तो बाहेर काढल्यास प्रथम सेलच्या कप्प्यात गंज आहे का ते पाहावे. मागच्या झाकणाच्या कडेचा फोम कालांतराने चिकट होऊन झडतो आणि प्रकाश आत शिरतो. तो बदलता येतो. लेन्स उजेडासमोर धरून बुरशी तपासावी. कोकणासारख्या दमट हवेत ती हमखास धरते. आत फिल्म असल्याची शंका असेल, तर रीळ परत गुंडाळल्याखेरीज झाकण उघडू नये.

येथवर सारे निर्वेध आहे. नवी फिल्म आणण्याचा विचार आला, की मात्र जैन कुटुंबाने क्षणभर थांबावे. फिल्मची पट्टी वनस्पतीजन्य सेल्युलोजपासून बनू शकते, परंतु तिच्यावरील प्रकाशसंवेदी थर चांदीचे क्षार जिलेटिनमध्ये कालवून केलेला असतो. हे जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून व कातड्यापासून मिळते. जुन्या पद्धतीच्या फोटोच्या कागदावरही तेच असते. कॅमेऱ्याची पेटी कातड्याची असली तर हाताला कळते. फिल्ममधील जिलेटिन डोळ्यांना दिसत नाही.

पूर्वी ज्यांनी विवाहाचे, तीर्थयात्रेचे, पंचकल्याणक महोत्सवाचे फोटो काढले, त्यांतील बहुतेकांना याची माहिती नव्हती. ते अल्बम आदराने जपावेत. परंतु आज माहिती झाल्यावर घेतलेला प्रत्येक नवा रोल ही मागणी ठरते आणि मागणीमागे पुरवठा येतो, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. कृत, कारित आणि अनुमोदित यांतील ‘कारित’ येथे विचारात घ्यावे लागते. निर्णय ज्याने त्याने आपल्या व्रतमर्यादेनुसार घ्यावा, पण अजाणतेपणी घेऊ नये.

सुदैवाने एक मधला मार्ग आहे. के-१००० वर बसणारी लेन्स आजच्या पेंटॅक्स डिजिटल एसएलआर कॅमेऱ्यांवरही बसते. फोकस आणि अ‍ॅपर्चर हातानेच जुळवावे लागतात, फिल्म मात्र लागत नाही. आजोबांची लेन्स नातवाच्या हाती अशी पुन्हा कामाला लागू शकते.

त्यासोबत नातवाला एक जुना नियमही सांगावा. रोलमध्ये छत्तीसच फोटो असत, म्हणून प्रत्येक वेळी बटण दाबण्याआधी विचार होई. डिजिटल कॅमेऱ्यात ही मर्यादा यंत्र घालत नाही. ती स्वतःच घालून घ्यावी लागते. एका सहलीला छत्तीसच फोटो, असा नियम करून पाहावा.