उद्घाटक आणि विदूषक

राजकीय उपहास लिहिणे फारसे अवघड नाही. ज्याचा उपहास करावयाचा त्याच्या देखत तो सादर करणे अवघड. दूरदर्शनवर १९८८ साली ‘कक्काजी कहिन’ ही मालिका आली. मनोहर श्याम जोशी यांच्या ज्या लेखनातून ती निघाली, त्याचे नाव होते ‘नेताजी कहिन’. छापील पानावरचे नेताजी पडद्यावर पोचेपर्यंत कक्काजी झाले, एवढ्यावरून सरकारी माध्यमात उपहासाची वाट किती अरुंद होती, हे ध्यानात यावे. तेथे कात्री चालते ती प्रेक्षकासमोर येण्याआधीच.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टी रंगभूमीची अडचण निराळी आहे. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते आणि देसाईगंज-वडसा येथील नाट्यमंडळ्या रात्ररात्र प्रयोग करीत हिंडतात. ही रंगभूमी अनुदानावर नव्हे, तिकिटावर जगते. तिला संहितेवरच्या लाल शेऱ्याचे भय थोडे. परंतु पडदा उघडण्यापूर्वी उद्घाटनाचा सोहळा असतो. ज्यांच्यावर कोटी करावयाची तेच पुढारी हार घालून व्यासपीठावर बसतात. पाहुण्याची थट्टा करावी कशी, हा संकोच कोणत्याही कात्रीहून धारदार असतो.

विषयांची मात्र वाण नाही. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. वैनगंगेच्या एका तीरावर जो गुन्हा, तोच दुसऱ्या तीरावर महसूल! याहून तयार प्रहसन कोणत्या नाटककाराला मिळावयाचे?

खाडिलकरांनी १९०७ साली ‘कीचकवध’ लिहिले तेव्हा कर्झनशाहीवर बोलण्यासाठी त्यांना महाभारताचा आडोसा घ्यावा लागला; तरीही १९१० साली नाटकावर बंदी आलीच. परकीय सत्तेपुढे आडोसा शोधणे समजण्याजोगे होते. स्वतःच निवडून दिलेल्या प्रतिनिधीपुढे तो का लागावा?

याचे उत्तर नटांकडे नाही, गावाच्या मंडळाकडे आहे. पाहुण्यांना हार जरूर घालावा, पहिल्या रांगेतील खुर्चीही द्यावी. पण रंगमंचाचा ताबा देऊ नये. झाडीबोलीत एखादी कोटी झाली आणि मंडप हसला, तर पुढाऱ्यानेही त्या हसण्यात सामील व्हावे. लोकशाहीत मत पाच वर्षांतून एकदा मागितले जाते. झाडीपट्टीत ते दर हंगामात, फुकट आणि खणखणीत ऐकता येते. ते ऐकण्याचे धैर्य ज्याच्यापाशी नाही, त्याने उद्घाटनाचे निमंत्रण स्वीकारू नये, हेच बरे.