बंद खोक्याचं गणित

बॅगेला लटकवायच्या लाबुबू बाहुलीचा खोका हातात आला की आपण आधी त्यावरचं चित्र पाहतो. माझ्या मते आधी पाहावा तो १:७२ हा आकडा. तो नीट कळला, तर आपण पैसे नेमके कशाचे मोजतोय हे कळतं.

उदाहरणासाठी पॉप मार्ट या चिनी कंपनीची २०२३ची ‘मॅकरॉन’ मालिका घेऊ. तिच्यात नेहमीच्या बाहुल्या सहा : टॉफी, सोयामिल्क, लिची बेरी, ग्रीन ग्रेप, सी सॉल्ट कोकोनट आणि सेसमी बीन. नाव तसा रंग. सातवी ‘चेस्टनट कोको’, ती सीक्रेट, म्हणजे क्वचितच निघणारी; १:७२ हा आकडा तिचाच. खोके बाहेरून सगळे सारखेच. खोका फोडला की आत आरपार न दिसणारी पिशवी आणि त्या पिशवीत बाहुली. तिचं अंग मऊ फरचं, चेहरा आणि हातपाय व्हिनाइलचे, डोक्यावर अडकवायची कडी आणि हसऱ्या तोंडात नऊ टोकदार दात. कुठली निघाली हे पिशवी फाडेपर्यंत कळत नाही.

आता हिशेब. चीनमध्ये एका खोक्याची किंमत ९९ युआन, म्हणजे साधारण बारा-तेराशे रुपये. सहा बाहुल्यांचे ५९४ युआन झाले, असं वाटतं. पण सुटे खोके घेत गेलात तर तेवढ्यावर भागत नाही. पहिला खोका हमखास नवा निघतो. पाच जमल्यावर मात्र उरलेली सहावी मिळण्याची शक्यता दर खेपेला सहात एक एवढीच राहते, आणि तिच्या एकटीसाठीच सरासरी सहा खोके फोडावे लागतात. सहाही बाहुल्या सारख्याच प्रमाणात निघतात असं धरलं, तर पूर्ण संच जमायला सरासरी १४.७ खोके लागतात. म्हणजे साडेचौदाशे युआन, आणि घरात आठ-नऊ बाहुल्या दुबार!

सीक्रेटचं गणित याहून कठीण. १:७२ म्हणजे ७२ खोके घेतले की एक नक्की, असा बऱ्याच जणांचा समज होतो. तसं नाही. दर खोक्याला शक्यता बहात्तरात एक असेल, तर ७२ सुटे खोके फोडूनही ती हाती न लागण्याची शक्यता ३६ टक्क्यांहून जास्त उरते. निम्मी शक्यता गाठायलाच ५० खोके लागतात, म्हणजे ४९५० युआन. आणि आधीचे ४९ वाया गेले म्हणून पन्नासाव्या खोक्याची शक्यता वाढत नाही. ‘आता तरी निघेलच’ या भरवशावर माणूस पुढचा खोका उचलतो, आणि धंद्याची सगळी भिस्त या भरवशावर आहे.

यातून निघायची एक वाट कंपनीनेच ठेवली आहे. सहा खोक्यांचा सीलबंद संच घेतला तर त्यात बाहुल्या दुबार नसतात. क्वचित एकीच्या जागी सीक्रेट येते.

आत काय आहे ते न दाखवता विकायची ही कल्पना मुळात पॉप मार्टची नव्हे. जपानमध्ये नाणं टाकून खेळण्याचा बंद गोळा काढायची गाशापोन यंत्रं १९६०च्या दशकापासून आहेत. आपल्याकडे पोरं ज्यातल्या खेळण्यासाठी हट्ट धरतात तो किंडर जॉयही त्याच कुळातला, आणि तो तर बारामतीच्या कारखान्यात तयार होतो. बीजिंगमध्ये वांग निंग यांनी २०१०मध्ये सुरू केलेलं पॉप मार्ट आधी इतरांच्या वस्तू विकणारं दुकान होतं. त्यात सॉनी एंजल ही जपानी बाहुली भरपूर खपते हे दिसल्यावर त्यांनी स्वतःच्या मालिका काढल्या. लाबुबू त्यांतलीच. तिचे चित्रकार कासिंग लुंग हाँगकाँगमध्ये जन्मले आणि नेदरलँड्समध्ये वाढले. २०१५च्या त्यांच्या चित्रकथांमधलं हे पात्र.

पण खरी उसळी आली ती बाहुलीला कडी लागल्यावर. कपाटातली बाहुली घरच्यांपुरती असते. बॅगेवरची लोकलमध्ये, ऑफिसात, कॉलेजात शेकडो जण पाहतात. २०२४मध्ये ब्लॅकपिंक या कोरियन पॉप गटातल्या गायिका लिसाच्या बॅगेवर ती झळकली आणि आग्नेय आशियात दुकानांपुढे रांगा लागल्या. पाठोपाठ फेरविक्रीचा बाजार तापला. जून २०२५मध्ये बीजिंगच्या लिलावात माणसाएवढी लाबुबू १० लाख ८० हजार युआनला गेली. त्याच महिन्यात कंपनीने माल मुबलक सोडला आणि साध्या बाहुल्यांचे चढे भाव झपाट्याने खाली आले. साठवून ठेवू, पुढे विकू, असा बेत असेल तर एवढं ध्यानात ठेवावं : टंचाई किती आणि किती दिवस, हे बनवणाराच ठरवतो.

चीन सरकारने २०२३मध्ये अशा बंद खोक्यांच्या विक्रीसाठी मार्गदर्शक नियम केले. आठ वर्षांखालच्या मुलांना असे खोके विकायचे नाहीत, त्याहून मोठ्या अल्पवयीनांसाठी पालकांची संमती हवी आणि काय निघण्याची शक्यता किती, ते जाहीर करायचं. मला हे नियम रास्त वाटतात. शक्यतेचं गणित न कळणाऱ्या वयात हा खेळ खेळवणं चूकच आहे.

म्हणून घरात कुणाला हौस असेल तर आधी मुलांना शेजारी बसवून वरचा हिशेब कागदावर मांडा. शे-दोनशेत मिळते ती नक्कल असते. तेवढ्यावर मूल खूश असेल तर हरकत नाही, फक्त शिवण आणि कडी ओढून पाहा. अस्सलच हवी असेल तर सीलबंद संच चार मैत्रिणींनी मिळून घ्यावा आणि वाटून घ्यावा. सीक्रेटच्या मागे लागून सुटे खोके मात्र घेऊ नका.