कलंकाचा भार आणि स्त्रियांचे हृदय

माणूस आजारी पडला की शेजारीपाजारी विचारपूस करायला येतात. काही आजारांत मात्र येणारी माणसेही येईनाशी होतात. कुष्ठरोग्यांनी आणि क्षयरोग्यांनी हा अनुभव पिढ्यान् पिढ्या घेतला. गेल्या चार दशकांत एच.आय.व्ही.बाधितांच्या वाट्यालाही तो आला आहे. त्यांपैकी ज्या स्त्रिया आता उतारवयाकडे झुकल्या आहेत, त्यांच्या हृदयाच्या आरोग्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषाणू, लोकापवाद आणि हृदय या तिहींचा परस्परांशी संबंध काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तो संबंध आपण क्रमाने पाहू.

एड्सची पहिली नोंद १९८१ साली अमेरिकेत झाली. भारतात या विषाणूचा शोध १९८६ साली मद्रासला लागला. डॉ. सुनीती सॉलोमन (माहेरच्या गायतोंडे) आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला यांनी तो लावला. त्या काळी हे निदान म्हणजे मृत्यूचे फर्मानच होते. १९९६ च्या सुमारास अनेक औषधे एकत्र देण्याची उपचारपद्धती आली आणि चित्र पालटले. आपल्या सरकारने १ एप्रिल २००४ पासून ही औषधे मोफत देण्यास प्रारंभ केला. पहिल्या केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालयही होते. ज्या तरुण स्त्रियांनी त्या वेळी औषध सुरू केले, त्या आज पन्नाशीच्या आसपास आहेत. त्या जगल्या, ही आनंदाची गोष्ट. परंतु जगण्याबरोबर वार्धक्याचे आजारही आले, आणि त्यांत हृदयविकार प्रमुख आहे.

औषधाने विषाणू दबतो, पण शरीरातून समूळ जात नाही. त्याच्याशी चाललेल्या अखंड झुंजीमुळे शरीरात एक प्रकारचा मंद दाह धुमसत राहतो. हा दाह रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराला इजा करतो आणि तेथे चरबीचे थर साचण्यास मदत करतो. बॉस्टनमधील दोन मोठ्या रुग्णालयांतील नोंदींचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात बाधित पुरुषांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण इतर पुरुषांच्या सुमारे १.४ पट, तर बाधित स्त्रियांमध्ये इतर स्त्रियांच्या जवळजवळ तिप्पट आढळले. त्यातच रजोनिवृत्तीनंतर, स्त्रीच्या हृदयाला संप्रेरकांमुळे लाभणारे नैसर्गिक संरक्षणही ओसरते.

आता कलंकाकडे वळू. आपल्याकडील पुष्कळ विवाहित स्त्रियांना हा संसर्ग पतीकडून झाला. तरीही पती निवर्तल्यावर ठपका बसतो तो सुनेवरच. मग ती औषधाच्या बाटलीवरचे लेबल खरवडते, गोळ्या धान्याच्या डब्यात लपवते आणि ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून जवळचे केंद्र सोडून दूरच्या केंद्रावर जाते. घरी पाहुणे असले की गोळी चुकते. गाडीभाड्याची सोय झाली नाही की महिन्याची खेप चुकते. अशा खंडाचे मोल काय, हे ‘स्मार्ट’ नावाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीतून २००६ साली कळले. पाच हजारांहून अधिक रुग्णांच्या या चाचणीत ज्यांचे औषध मधूनमधून थांबवले, त्यांच्यात मृत्यू तर वाढलेच, शिवाय हृदयाचे, मूत्रपिंडाचे आणि यकृताचे गंभीर आजारही वाढले. म्हणजे लोक काय म्हणतील या भीतीने औषधात वारंवार खंड पडला, तर त्याची किंमत हृदयालाही मोजावी लागते. शिवाय सतत लपवून राहण्याचा ताण झोप उडवतो आणि रक्तदाब वाढवतो, तो वेगळाच.

दुसरी अडचण दवाखान्यात येते. स्त्रियांच्या बाबतीत झटक्याची चिन्हे पुष्कळदा दम लागणे, मळमळ, पाठ किंवा जबडा दुखणे, कमालीचा थकवा अशी असतात. घरचे त्याला पित्त म्हणतात, ती स्वतः त्याला वय म्हणते. हृदयाच्या डॉक्टरांकडे गेलीच, तर मूळ आजार सांगत नाही. सांगितले तर वागणूक बदलेल, ही धास्ती असते. पण हे मौन घातक ठरू शकते. कोलेस्टेरॉल कमी करणारे सिमव्हास्टॅटिन हे औषध एच.आय.व्ही.वरील रिटोनाव्हिरयुक्त औषधांबरोबर घेतल्यास रक्तातील त्याचे प्रमाण बेसुमार वाढते आणि स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते. रुग्णाने सांगितलेच नाही, तर डॉक्टरांना हे कळावे कसे?

उपाय नाहीत असे मुळीच नाही. भारतासह बारा देशांतील ७,७६९ बाधितांवर झालेल्या ‘रिप्रीव्ह’ चाचणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. पिटाव्हास्टॅटिनची रोज एक गोळी घेणाऱ्यांत हृदयविकाराच्या गंभीर घटना सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झाल्या. हे औषध सिमव्हास्टॅटिनप्रमाणे त्या औषधांशी झगडत नाही. अर्थात ते वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावयाचे. त्याच्या जोडीला रक्तदाब व साखर यांची नियमित तपासणी, मिश्री-तंबाखू सोडणे आणि रोजचे चालणे हे साधे उपाय आहेतच. कायदाही पाठीशी आहे. २०१७ चा एच.आय.व्ही. आणि एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. नोकरी, शिक्षण व उपचार यांत भेदभाव करण्यास आणि संमतीवाचून एखाद्याची बाधा उघड करण्यास तो मनाई करतो.

परंतु कायदा शेजारणीच्या नजरेला लागू होत नाही. ती नजर बदलणे हे काम आपले आहे. दरवर्षी १ डिसेंबरला महाविद्यालयातून प्रभातफेरी निघते, घोषणा होतात. त्या सगळ्या रोग टाळण्याविषयी, आणि तरुणांना उद्देशून असतात. ज्यांना रोग होऊन वीस वर्षे लोटली, त्या बायकांसाठी त्यांत एकही वाक्य नसते. नियमित औषधाने ज्यांच्या रक्तात विषाणू मोजता न येण्याइतका दबलेला आहे, त्यांच्याकडून शरीरसंबंधातूनसुद्धा तो पसरत नाही. मग एका ताटात जेवल्याने किंवा शेजारी बसल्याने कसा पसरेल? एवढी एक गोष्ट जरी आपण आपल्या घरी आणि गल्लीत समजावून सांगितली, तरी कुणा स्त्रीला आपली गोळी डब्यात न लपवता वेळेवर घेता येईल. तिच्या हृदयाला तेवढाच आधार.